टेकडीखालच्या जागेचा लेआउट करून घेतला, त्याचा अनुभव (साइट प्लॅनिंग सर्व्हिस, पुणे)

आधी सांगते की ही मोठी कंपनी वगैरे नाहीये. टाउन प्लॅनिंगमधून रिटायर झालेले एक सर आणि त्यांच्यासोबत दोन सर्व्हेयर मुलं, एवढीच टीम आहे. नाव इथे टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हणून सांगितलंय, पण असं काम करणारी माणसं शोधली तर मिळतात आणि शोधाच, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमची जागा पिरंगुटच्या बाजूला आहे, 80 गुंठे म्हणजे दोन एकर, 11 कुटुंबांनी मिळून घेतलेली. मागे टेकडी चढत जाते आणि वरचा भाग वनविभागाचा. एका कडेने ओढा आहे जो उन्हाळ्यात नुसती दगडांची ओळ दिसतो. पहिला लेआउट आम्ही दुसऱ्याच एका आर्किटेक्टकडून करून घेतला होता, त्यात 14 प्लॉट बसवले होते, 11 आमचे आणि 3 विकून रस्त्याचा नि ड्रेनेजचा खर्च काढायचा असा हिशोब. कागदावर एकदम छान दिसत होतं, सरळ रस्ता मधोमध वर जातोय, दोन्ही बाजूंना चौकोनी प्लॉट. माझ्या दिरांना मात्र पहिल्या दिवसापासून खटकत होतं की ह्यात ओढा कुठंय? ओढा एका प्लॉटच्या कंपाउंडखालून दोन फुटी पाइपात घातला होता!

मग ओळखीतून ह्या सरांकडे गेलो. फी सगळी मिळून 85 हजार, त्यात टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावून कंटूर सर्व्हे (जमिनीचे चढउतार मोजून नकाशावर समान उंचीच्या रेषा काढतात तो), दोन साइट व्हिजिट आणि नवीन लेआउटचं ड्रॉइंग. प्रत्येक घरामागे पावणेआठ हजारांच्या आसपास पडले. मला सुरुवातीला जास्त वाटले होते, आता वाटत नाहीत.

पहिली व्हिजिट त्यांनी मुद्दाम जुलैत ठेवली. आम्ही म्हणत होतो पाऊस उघडू दे मग जाऊ, ते म्हणाले पाऊस असतानाच जायचंय. छत्री बाजूला ठेवून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करून ते ओढ्याच्या कडेने वर चढत गेले, कुठे उंबर आहे, कुठे करंज आहे ते बघत होते, म्हणाले ही झाडं ज्या रांगेत उभी आहेत ती पाण्याची जुनी वाट. आणि खरंच, पाणी त्या रांगेनेच उतरत होतं, मोजणीच्या नकाशातल्या रेषेने नाही. मग खालच्या वस्तीतल्या एका आजोबांशी अर्धा तास गप्पा मारल्या, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं, कुठल्या विहिरीला कधी पाणी लागतं सगळं विचारून घेतलं. आजोबांनी बांधावरचा एक दगड दाखवला, इथवर आलं होतं म्हणाले. तो दगड पहिल्या लेआउटमधल्या 6 नंबर प्लॉटच्या बरोब्बर मध्ये येत होता. 6 नंबर आमचा होता.

इथे माझ्यासाठी विषय संपला खरं तर. माझी आई सहकारनगरला राहते, 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली, ती सगळी रात्र आम्ही फोनवर जागून काढलीय. तोही वर्षभर नाल्यासारखाच दिसायचा. त्यामुळे ओढा पाइपात घालू नका हे सरांना मला दोनदा सांगावं लागलं नाही.

दुसरा मुद्दा उताराचा. आपल्याकडच्या बांधकाम नियमावलीत (ती 2020 ची युनिफाइड वाली) 1:5 पेक्षा जास्त उतारावर बांधकाम चालत नाही. म्हणजे पाच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ, त्याहून उभं नको. ऐकायला मामुली वाटतं, पण 30 मीटर खोलीचा प्लॉट धरला तर पुढच्या आणि मागच्या हद्दीत 6 मीटरचा फरक, जवळजवळ दोन मजले! सर्व्हे झाल्यावर कळलं की आमच्या मागच्या बाजूचे 14 गुंठे त्याहून उभे आहेत. पहिल्या ड्रॉइंगमध्ये तिथे तीन प्लॉट होते आणि एजंटने तर आम्हाला यलो झोन, यलो झोन (म्हणजे निवासी) करून सगळी जागा सारखीच सांगितली होती. झोन दाखल्यावर निवासी लिहिलंय म्हणजे इंचन् इंच बांधता येतं असं नसतं, हे आम्हा शिकल्यासवरल्या माणसांनाही माहीत नव्हतं.

आमच्यातल्या एका कुटुंबाचं म्हणणं होतं की मागचा मुरूम थोडा कापू, सपाट करू, तेवढीच पार्किंगला जागा होईल. सर पहिल्यांदा तिथे चिडलेले दिसले. म्हणाले, 2013 च्या जूनमध्ये कात्रज घाटाजवळ शिंदेवाडीला डोंगर कापलेल्या भागातून पाण्याचा लोंढा रस्त्यावर आला आणि गाडीतली आई आणि लहान मुलगी वाहून गेल्या, ते आठवा. पाण्याची वाट बंद केली की ते दुसरी वाट शोधतं आणि त्या वाटेवर कोण असेल ते तुम्ही ठरवत नाही. बैठकीत कोणी काही बोललंच नाही मग.

नवीन लेआउटमध्ये 12 प्लॉट आहेत. रस्ता सरळ वर न जाता कंटूरच्या बाजूने वळत जातो, त्यामुळे लांबी वाढली पण खोदाई खूप कमी झाली. मागचे 14 गुंठे जसे आहेत तसे, गवतासकट. आणि मला सगळ्यात जास्त आवडलं ते ओपन स्पेसचं. 4000 चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, आमची साधारण 800 चौरस मीटर होते, बहुतेक ठिकाणी उरलासुरला तिरका कोपरा ओपन स्पेस म्हणून दाखवतात. सरांनी ती मागच्या चढाच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यात ओढ्याला लागून घेतली. मुलांना खेळायला जागा झाली, ओढ्याला पसरायला जागा झाली आणि फेब्रुवारी ते मे मध्ये टेकडीवर वणवा लागला तर घरं आणि सुकं गवत ह्यांच्यामध्ये अंतर राहिलं. मागचं गवत ओसाड दिसतं म्हणून तिथे झाडं लावून टाकू असं आम्ही म्हणत होतो, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं, पुण्याच्या टेकड्यांवर गवताळ माळसुद्धा मूळचाच आहे, त्यावर जगणारे पक्षी वेगळे.

दोन प्लॉट गेले त्याचं सगळ्यांना बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. विकायला 3 होते तिथे 1 राहिला, रस्त्याचे पैसे आता खिशातून भरतोय. ह्यावर वाद झाले, अजून दोन घरं नाराज आहेत आणि त्यांचं दुखणं मला खोटं वाटत नाही. हाच प्रश्न पुण्यात बीडीपीवाल्या (टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण) जमीनमालकांचा आहे, 1997 ला महापालिकेच्या हद्दीत आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर साधारण 978 हेक्टर आरक्षण, 2015 ला सरकारने मंजुरी दिली, मोबदला 8 टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क). टेकडी सगळ्या शहराची पण झळ एकट्या मालकाला, ह्याचं नीट उत्तर निघालं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण टेकडी राहिलीच पाहिजे, त्यात दुमत नाही.

आता खटकलेल्या गोष्टी. ड्रॉइंग महिनाभर उशिरा मिळालं. रिपोर्ट सगळा इंग्लिशमध्ये, आमच्यातल्या तीन ज्येष्ठांना मला बसून मराठीत समजावून सांगावा लागला, तो मराठीत द्यायला हवा. दुपारी फोन उचलत नाहीत. आणि मंजुरीचं काम ते करत नाहीत, त्यासाठी वेगळा आर्किटेक्ट लागतोच, हे आधी विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र फीमध्ये नसताना केली. शेजारच्या गटाच्या मालकाला बोलावून सगळा ओढा वरपासून खालपर्यंत दाखवला, कारण आम्ही मोकळा सोडला आणि त्यांनी भिंत घातली तर काय उपयोग. आणि आम्हाला सांगून ठेवलं की विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की लक्ष ठेवा, 1966 च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना) कायद्यात कलम 26 खाली कोणीही हरकत देऊ शकतं, त्यासाठी जागेचा मालक असावं लागत नाही. ओढा नकाशात दाखवलाय का हे पहिलं बघायचं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. भावाला सासवडकडे जागा बघायचीय म्हणून परवा फोन केला होता, तर म्हणाले आत्ता टोकन देऊ नका, पहिला मोठा पाऊस झाला की मला फोन करा, सोबत जाऊ.