क्रूझवरची टिप: नाव बक्षिसीचं, हिशेब भाड्याचा

क्रूझचं बुकिंग करताना भाडं, कर आणि बंदर शुल्क यांच्या खाली ‘प्रीपेड ग्रॅच्युइटीज’ अशी एक ओळ येते. ग्रॅच्युइटी म्हटलं की आपल्याला निवृत्तीच्या दिवशी हाती पडणारी रक्कम आठवते, त्यामुळे पहिल्यांदा बुकिंग करणारे बरेच जण ही ओळ न वाचताच पुढे जातात. इथे मात्र ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या कर्मचाऱ्यांची टिप. ती रिकामी सोडली म्हणून पैसे वाचत नाहीत. तीच रक्कम जहाजावर तुमच्या खात्यावर पडत राहते, माणशी आणि रोजची. बड्या कंपन्या ही टिप कशी आकारतात, ती कोणापर्यंत पोचते, कुठे दोनदा कापली जाते आणि तिच्यापलीकडे खिशातून काय द्यावं लागतं, एवढंच या परीक्षणात पाहिलं आहे.

आधी दर. रॉयल कॅरिबियन नोव्हेंबर २०२४ पासून साध्या केबिनला माणशी रोज १८.५० डॉलर आणि स्वीटला, म्हणजे मोठ्या आलिशान केबिनला, २१ डॉलर घेऊ लागली. नॉर्वेजियनने जानेवारी २०२३ मध्ये २० आणि २५ केले, कार्निव्हलने त्याच वर्षी एप्रिलमध्ये १६ आणि १८. हे आकडे एकाच दिशेने सरकतात. रॉयल कॅरिबियनचाच साध्या केबिनचा दर ऑगस्ट २०२२ पर्यंत १४.५० होता. त्यामुळे बुकिंगच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर दर पुन्हा पाहावा.

हिशेब रात्रींवर चालतो. सात रात्रींची सफर, साधी केबिन, चार माणसं, दर १८.५०: एकूण ५१८ डॉलर. दर २० असेल तर ५६०. सवलत फक्त अगदी लहानग्यांना मिळते. कार्निव्हलमध्ये दोन वर्षांखालील आणि नॉर्वेजियनमध्ये तीन वर्षांखालील मुलांचे पैसे लागत नाहीत. चार वर्षांचं पोर आठवडाभर फ्रेंच फ्राइजवर काढत असलं, तरी दर मोठ्या माणसाचाच. एकाच केबिनमध्ये तिसरं-चौथं माणूस स्वस्त भाड्यात बसवणाऱ्या जाहिराती इथेच फसव्या ठरतात, कारण भाड्यात सूट मिळते, टिपेत नाही.

दर चढत असताना सेवा मात्र आटली आहे. पूर्वी केबिन दिवसातून दोनदा आवरली जायची: सकाळी साफसफाई आणि संध्याकाळी बिछाना, बर्फ, टॉवेलच्या घड्यांचा हत्ती. आता रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन दोघींनीही साध्या केबिनची सेवा दिवसातून एकदाच केली आहे. यात केबिन आवरणाऱ्या स्टुअर्डची मजा झाली असं समजू नये. त्याच्या वाट्याच्या केबिन त्या प्रमाणात वाढतात.

आता ही रक्कम टिप का म्हणवते, ते बघू. जुनी पद्धत पाकिटांची होती. सफरीच्या शेवटच्या रात्री प्रत्येक प्रवासी आपल्या स्टुअर्डला, वेटरला आणि असिस्टंट वेटरला पाकीट द्यायचा. टेबल ठरलेलं, वेळ ठरलेली, वेटर आठवडाभर तोच, त्यामुळे ती पद्धत चालायची. नॉर्वेजियनने २००० साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली. हव्या त्या वेळी, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये जेवा म्हटल्यावर सात रात्रींत सात वेटर झाले. मग पाकीट कोणाला द्यायचं? पैसे एकत्र गोळा करून वाटण्याची व्यवस्था उद्योगभर पसरली ती याच काळात. आज या रकमेतून केबिन स्टुअर्ड आणि डायनिंग रूमच्या वेटरांना वाटा मिळतोच, पण लॉन्ड्री, भटारखाना आणि भांडी धुणारे अशा पडद्यामागच्या माणसांनाही मिळतो. त्यांच्यासाठी कोणी कधी पाकीट भरलं नव्हतं, ही या पद्धतीची जमेची बाजू.

खटकतं ते वेगळंच. या लोकांच्या कमाईचा मोठा हिस्सा या वाट्यातून येतो, म्हणजे व्यवहारात हा पगारच आहे. तो भाड्यात न धरता ‘ऐच्छिक’ म्हणून बाजूला ठेवला की जाहिरातीतला आकडा छोटा दिसतो. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे जुलै २०२४ पासून मोठ्या कंपन्या जाहिरातीतल्या किमतीत कर आणि बंदर शुल्क धरू लागल्या. टिप मात्र त्यातूनही बाहेर राहिली. जर्मनीत चित्र निराळं आहे. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलं की जहाजावर भरावा लागणारा सर्व्हिस चार्ज, म्हणजे हीच रोजची टिप, एकूण किमतीत दाखवलाच पाहिजे.

ऐच्छिक असल्यामुळे ती काढून टाकता येते. सहसा गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन सांगावं लागतं, आणि ते खातं बंद होण्याआधी, म्हणजे शेवटच्या रात्रीपर्यंत. पण काढण्याआधी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, तुमच्या रागाचं कारण एअर कंडिशनर, वायफाय किंवा रद्द झालेलं बंदर असेल, तर त्याची वसुली स्टुअर्डकडून होते. कंपनीच्या खिशाला चाट बसत नाही. दोन, ‘मी रोख देईन, मग थेट त्यालाच मिळेल’ हा हिशेब नेहमी बरोबर ठरत नाही. काही कंपन्यांत ज्या केबिनने टिप काढली आहे, तिथून मिळालेली रोख रक्कम कर्मचाऱ्याला सामायिक गल्ल्यात जमा करावी लागते. सेवाच खराब असेल तर दुसऱ्या दिवशीच हाउसकीपिंगच्या किंवा डायनिंगच्या सुपरवायझरला सांगावं. सातव्या दिवशी तक्रार करून पैसे परत मिळतील, पण आठवडाभर न बदललेले टॉवेल काही परत मिळायचे नाहीत.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बारमध्ये. समजा, कॉकटेल १४ डॉलरचं आहे. पावतीवर १८ टक्के ग्रॅच्युइटी आपोआप लागते, २.५२ डॉलर, बेरीज १६.५२. त्याच्या खाली एक रिकामी रेघ असते, ‘अॅडिशनल ग्रॅच्युइटी’, तिच्याखाली ‘टोटल’ची रेघ आणि मग सही. मंद उजेड, बारीक छपाई, मागे रांग. सवयीने माणूस रिकाम्या रेघेवर २० टक्के लिहितो, तेही १६.५२ वर, म्हणजे ३.३० डॉलर. १४ चं कॉकटेल १९.८२ ला पडलं. आधीची टिप दोन ओळी वरच छापलेली असते, पण तिकडे कोणाची नजर जात नाही. वेगळं काही द्यायचं नसेल तर रिकाम्या रेघेवर आडवी रेघ मारावी, टोटलमध्ये १६.५२ लिहावं आणि सही करावी. रेघ मोकळी सोडू नये. नॉर्वेजियनमध्ये हे प्रमाण २० टक्के आहे.

स्पामध्ये हाच प्रकार, रकमा मात्र मोठ्या. बहुतेक जहाजांवरचा स्पा बाहेरची कंपनी चालवते. बिलात टक्केवारी आधीच धरलेली असते, तरी सही करताना पुन्हा रेघ समोर येते. वर मसाजनंतर तेलाच्या बाटल्या विकायचा आग्रह होतो, पण तो वेगळा विषय. वेगळे पैसे घेणाऱ्या स्पेशॅलिटी रेस्टॉरंटचं गणित जरा मजेशीर आहे. ६० डॉलरच्या जेवणावर १८ टक्के म्हणजे १०.८० डॉलर वेगळे द्यायचे, आणि त्या संध्याकाळी मेन डायनिंग रूममध्ये पाऊल टाकलं नाही तरी रोजच्या टिपेतला डायनिंगचा वाटा कापला जातोच.

‘फ्री’ ड्रिंक्स पॅकेज हा यातला सर्वांत चलाख प्रकार. पॅकेज फुकट, पण त्याच्या छापील किमतीवरची टिप तुम्ही भरायची. ही पद्धत नॉर्वेजियनने रुळवली. छापील किंमत दिवसाला १०० डॉलर धरली तर २० टक्क्यांनी सात रात्रींचे माणशी १४० डॉलर होतात, दोघांचे २८०. दिवसाला तीन-चार पेयं घेणाऱ्याला हा सौदा परवडतो. सकाळची कॉफी आणि रात्री एखादा वाइनचा ग्लास एवढंच ज्याचं पिणं आहे, त्याने पॅकेजविना किती भाडं पडतं ते विचारून घ्यावं आणि मग ठरवावं.

आधी भरावं की जहाजावर? बहुतेकांनी आधीच भरावं. भरलेल्या दिवसाचा दर पक्का होतो, मध्ये दरवाढ झाली तरी फरक मागत नाहीत. सफर रद्द केली तर भाड्याचे पैसे अडकू शकतात, पण आगाऊ भरलेली टिप सहसा परत मिळते. मोठ्या कुटुंबाला शेवटच्या दिवशीच्या बिलाचा धक्काही बसत नाही. याला अपवाद ऑनबोर्ड क्रेडिटचा, म्हणजे जहाजावर खर्चायला कंपनी देते त्या रकमेचा. बुकिंगसोबत १०० किंवा २०० डॉलरचं क्रेडिट मिळालं असेल आणि ते परत न मिळणारं असेल, तर टिप आगाऊ भरू नये. जहाजावर रोज पडणारी टिप त्या क्रेडिटमधून वळती होते. नाहीतर शेवटच्या संध्याकाळी क्रेडिट संपवायला टी-शर्ट आणि चुंबकं विकत घेत फिरायची वेळ येते.

जहाजाचं चलन आणि तुमच्या कार्डाचं चलन वेगळं असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी. काही जहाजं बिल आपणहून तुमच्या कार्डाच्या चलनात बदलून देतात. सोय म्हणून हे सांगितलं जातं, पण विनिमयाचा दर त्यांचा असतो आणि तो तुमच्या बँकेपेक्षा बहुधा महागच पडतो. पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला सांगून बिल जहाजाच्या चलनातच ठेवावं. शेवटच्या सकाळी सांगून उपयोग नाही, तोवर खातं बंद झालेलं असतं.

एवढं सगळं भरल्यावरही काही माणसं या गल्ल्याच्या बाहेर राहतात. नॉर्वेजियनच्या सर्व्हिस चार्जमध्ये स्वीटच्या दिमतीला असणारे बटलर आणि कन्सिएर्ज येत नाहीत, हे कंपनी स्वतःच सांगते. स्वीट घेणाऱ्यांना रोज २५ डॉलर भरल्यावर हे कळतं आणि अंमळ चीड येते, ती रास्त आहे. रूम सर्व्हिस घेऊन येणाऱ्याला दारात दोन ते पाच डॉलर द्यावेत. रूम सर्व्हिसच्या शुल्कावर टिप आधीच लावली असेल तर दोन पुरेत. धक्क्यावर बॅगा उचलणारे हमाल बंदराचे असतात, जहाजाशी त्यांचा संबंध नाही. त्यांना बॅगेमागे एक-दोन डॉलर, हातोहात. किनाऱ्यावरच्या सहलीतला गाइड आणि ड्रायव्हर यांचंही तेच. सहल जहाजावर बुक केली असली तरी रोजच्या टिपेतला छदाम त्यांच्यापर्यंत जात नाही. कॅप्टन आणि अधिकाऱ्यांना टिप देत नाहीत.

स्टुअर्डला किंवा नेहमीच्या वेटरला वरकड द्यायचं असेल तर सात रात्रींसाठी २० ते ४० डॉलर ही सन्मानाची रक्कम आहे, बंधन नाही. शेवटच्या रात्रीपेक्षा आधीच्या संध्याकाळी द्यावी, कारण शेवटच्या रात्री स्टुअर्ड बॅगा हलवण्यात अडकलेला असतो आणि भेटतोच असं नाही. पैसे हातात द्यावेत. उशीवर ठेवलेली सुटी नोट टिप आहे की विसरलेली, हे त्याला ठरवता येत नाही आणि प्रामाणिक माणूस ती तिथेच राहू देतो. उशीवरच ठेवायची तर पाकिटात घालून वर त्याचं नाव लिहावं. नोटा एक, पाच आणि दहाच्या, घरून निघतानाच सोबत घ्याव्यात; शेवटच्या दोन दिवसांत काउंटरवर सुटे संपतात. परदेशी नाणी देऊ नयेत. ती बदलून मिळत नाहीत, म्हणजे त्या माणसाच्या दृष्टीने ते खुळखुळणारं लोखंडच.

ही सगळी आकडेमोड नको असेल तर टिप भाड्यात धरणाऱ्या कंपन्या आहेत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून वेगळा सर्व्हिस चार्ज बंद केला. मरेला आणि जर्मन माइन शिफ यांच्याही भाड्यात टिप येते, आणि महागड्या वर्गात रीजंट, सिल्वरसी, सीबोर्न यांच्याही. तुलना करताना दुसऱ्या कंपनीच्या भाड्यात रात्री गुणिले दर मिळवूनच आकडे शेजारी ठेवावेत. ९०० डॉलरची सात रात्रींची सफर १८.५० च्या दराने १०२९.५० ची होते. टिपेसह १००० डॉलर सांगणारी शेजारची सफर मग स्वस्त ठरते.

स्पष्टतेच्या बाबतीत आमचं झुकतं माप पी अँड ओसारख्यांना आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल ठीक, दर सरळ सांगतात. नॉर्वेजियनचा दर चढा आहेच, शिवाय फुकटच्या पॅकेजवर टिप लावण्याची खोड काही गुण कापायला लावते.

शेवटच्या रात्री झोपण्याआधी केबिनच्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खातं उघडून तीन गोष्टी तपासाव्यात: आगाऊ भरलेली टिप पुन्हा लागलेली नाही ना, बारच्या पावत्यांत हाताने लिहिलेल्या आकड्याचं ४ चं ९ झालेलं नाही ना, आणि केबिनमधल्या मिनीबारचं न घेतलेलं काही चढलेलं नाही ना. चूक असेल तर त्याच रात्री काउंटर गाठावा. सकाळी सहानंतर तिथली रांग जिन्यापर्यंत जाते. आणि सफरीनंतर ईमेलने येणाऱ्या प्रश्नावलीत स्टुअर्डचं नाव, केबिन क्रमांक आणि त्याने नेमकं काय केलं ते लिहावं. नावानिशी आलेला शेरा त्याच्या नोंदीत जातो आणि बढतीच्या वेळी तो पाहिला जातो.