ऑल टेरेन टायर, ८ महिन्यांनंतर

ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे, टायर टाकून ८ महिने झाले, ११ हजार किमी झालेत, त्यातले बरेचसे डांबरावरच, खोटं कशाला बोलू. पण घेतले होते ते एका जुन्या जंगलरस्त्यासाठी, पूर्वी तिथून लाकडाचे ट्रक जायचे, आता कोणी बघत नाही, आणि पार शेवटी तंबू टाकायला जागा. पाच वेळा जाऊन आलो.

पहिल्या वेळी चूक माझीच. नवे टायर आहेत म्हणून हवा ३५ पीएसआयच ठेवली. गाडी नुसती उड्या मारत होती, चढावरच्या सुट्या खडीत चाकं जागेवरच फिरायला लागली आणि मी टायरला शिव्या घालतोय! पुढच्या वेळी २२ वर आणली, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकलं, तोच चढ निवांत. हवा काढली की टायर रुंद होतो असं वाटतं, खरं तर तो लांबीत जास्त पसरतो, पकड तिथून येते. फक्त एवढ्या हवेवर वेगात पळवू नका, टायर तापतो, डांबर लागलं की परत भरायची. म्हणजे कॉम्प्रेसर आलाच. आणि मोठा असेल तर लायटरच्या सॉकेटला लावू नका, माझा फ्यूज उडाला, आता इंजिन चालू ठेवून थेट बॅटरीला चिमटे लावतो.

पंक्चर एकच, तुटक्या फांदीचा खुंट घुसला. मधल्या नक्षीत होता म्हणून प्लग मारून भागलं, साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, असतं तर प्लगचा उपयोग नाही, स्टेपनी पूर्ण मापाचीच ठेवा.

चिकट मातीच्या चिखलात मात्र निराशा, नक्षी भरून गुळगुळीत होते. आवाज वाढलाय, मायलेज थोडं पडलंय, ते चालतं.

रस्त्यात पाणी काढून द्यायला आडवे चर खणलेत, तिथे गाडी तिरकी घातली की एक चाक हवेत आणि तेच नुसतं गरगर फिरतं, डिफ लॉक (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारी सोय) नसेल तर टायर कितीही भारी असो, उपयोग नाही. मी आता आधी उतरून चालत बघून येतो. मागच्या वेळी तसाच गेलो तर पुढची मोरी तुंबून अर्धा रस्ताच वाहून गेलेला. वळवायला जागा नाही, बायको मागे टॉर्च धरून उभी आणि मी २०० मीटर रिव्हर्स.