जुना एसी दुरुस्त करावा की नवा इन्व्हर्टर एसी घ्यावा?

कपॅसिटर (मोटर सुरू करायला लागणारा छोटा भाग) किंवा पंख्याची मोटर गेली असेल तर दुरुस्तीच बरी. कोल्हापुरात राजारामपुरीतला ओळखीचा मेकॅनिक बोलावला तरी चालतंय. फक्त तो ‘गॅस संपलाय’ म्हणाला की सावध व्हा. गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, कुठंतरी गळतोय. आधी जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे दाखव म्हणावं, मगच भर.

कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा मुख्य पंप, गेला आणि एसी आर-२२ गॅसचा असेल, तर मात्र त्यात पैसे घालू नका. तो गॅस टप्प्याटप्प्यानं बंद होतोय. इन्व्हर्टर एसी हा कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करून वीज वाचवतो, पण रात्रभर लावणाऱ्याचीच. मे महिन्यात तासभर लावणाऱ्याचा हिशेब काही जुळत नाही. सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेवढाच दिलासा.