नऊ महिने, चार पिना आणि एक बगी

गेल्या रविवारी ट्रॅकवर माझ्या रिमोट कंट्रोलच्या बगीची तिसरी फेरी चालू होती. उंचवट्यावरून उडी झकास बसली, गाडी चारही चाकांवर अलगद उतरली आणि पुढच्याच वळणावर मोटर किंचाळायला लागली. गाडी मात्र रांगतेय. जाऊन उचलून आणली. चाकं जागेवर, शॉक ठीक, आर्म धड. मागचं डावं चाक बोटाने फिरवलं तर भिंगरीसारखं गरागरा फिरलं आणि आतला एक्सल ढिम्म. म्हटलं, गेली. पुन्हा पिनच गेली.

बगी घेऊन नऊ महिने झाले, अनुभव लिहायचा होताच. आता रागाच्या भरात लिहितेय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

गाडी १:१० मापाची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची), फोर व्हील ड्राइव्ह, ब्रशलेस (म्हणजे आत घासणारे ब्रश नसलेल्या) मोटरची, तयार मिळणारी.  कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे येईलच.

आधी ती पिन. दाभणाचा तुकडा मोडावा तसा एक स्टीलचा तुकडा, २ मिमी जाड आणि १० मिमी लांब. एक्सलला आडवं भोक असतं, त्यात ही बसते. तिच्यावर षटकोनी हेक्स येतो, हेक्सवर चाक आणि बाहेरून नट. मोटरची सगळी ताकद पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक), स्पर (त्याला जुळणारं मोठं चाक), स्लिपर (धक्का बसला की घसरणारा क्लच), डिफ (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल), ड्राइव्हशाफ्ट एवढा प्रवास करून शेवटी या काडीवरून चाकाला मिळते. नट दीड-दोन आटे सैल झाला की हेक्स बाहेर सरकतो आणि पिन आपल्या पायांनी चालू लागते. मातीत पडली की संपलं. गवतात पडली तर तिच्या नावाने आंघोळच.

एका चाकाची पिन गेली तर उरलेली तीन चाकं ओढतील असं वाटतं ना? नाही ओढत. डिफरन्शियल अडथळा कमी असेल तिकडेच फिरतं, त्यामुळे मागचं दुसरं चाकही बसून राहतं. माझ्या गाडीत मधे डिफ नाही, स्लिपर आहे. पुढचा शाफ्ट मागच्याबरोबर फिरत राहतो, म्हणून पुढच्या दोन चाकांवर ती लंगडत का होईना परत येते. मधे डिफ असलेल्या १:८ च्या बगीत एवढंही होत नाही, सगळी ताकद त्या एका मोकळ्या चाकातून निघून जाते. मालक चालत जातो, गाडी काखेत मारून परत येतो.

आता बगीच का, हे थोडक्यात. मला एकच गाडी परवडणार होती आणि दोन्हीकडे चालवायची होती. आठवडाभर मोकळ्या मैदानावर, खडीच्या रस्त्यावर, जमेल तिथे. आणि महिन्यातून एक-दोनदा मातीच्या ट्रॅकवर, शर्यतीसाठी नाही, नुसती मजा म्हणून. मॉन्स्टर ट्रक मैदानावर राजा, पण वळणावर कलंडतो. शॉर्ट कोर्स ट्रक उडीत असताना बॉडीखाली हवा भरून पतंग होतो. टू व्हील ड्राइव्ह बगी शिकायला उत्तम म्हणतात, आणि ते खरंही आहे. १९८४ साली आलेल्या तामिया या जपानी कंपनीच्या हॉर्नेट आणि ग्रासहॉपर या बग्यांवर कितीतरी लोकांचा हात बसला, त्या दोन्ही मागच्या चाकांवरच चालणाऱ्या. पण सुट्या खडीवर टू व्हील ड्राइव्ह रिमोटचा ट्रिगर थोडा जास्त दाबला की तोंड फिरवून आपल्याकडेच बघत उभी राहते. १:८ दणकट खरी, पण वजन जवळपास दुप्पट, बॅटरी मोठी आणि मोडलेला प्रत्येक भाग महाग. म्हणून १:१० फोर व्हील ड्राइव्ह.

हा निर्णय चुकला नाही. फक्त एक गोष्ट आधी कुणी दरडावून सांगायला हवी होती: ‘मिश्र जमीन’ या शब्दात गवत येत नाही. घोट्याएवढं गवत असलं तरी बगी पोटावर घासते, पाती एक्सलभोवती गुंडाळतात, मोटर तापते. दहा मिनिटांत मोटरच्या कवचावर बोट टेकवता येईना. पिनियन दोन दातांनी लहान लावला, वेग थोडा उतरला, पण मोटर निवली. स्प्रिंगच्या कॉलर फिरवून गाडी थोडी उंच केली, त्यानेही फरक पडला. तरी रोज गवतातच चालवायची असेल तर बगी घेऊ नका. ट्रगी घ्या, म्हणजे मोठ्या चाकांची, बगी आणि ट्रकच्या मधली गाडी.

दाबलेली माती, बारीक खडी, काँक्रीट: तिन्हीवर मस्त चालते. काँक्रीटवर जरा जास्तच मस्त, आणि तिथेच टायर मेले. बारीक काट्यांचे टायर मातीसाठी असतात. काँक्रीटवर सहा-सात बॅटऱ्यांत मागचे काटे खोडरबरासारखे झिजले. मग ट्रॅकवर गेले तर गाडी साबणावर चालल्यासारखी. नवी मोटर, नवा सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), काय काय मनात आलं होतं! नवे टायर चढवल्यावर कळलं की गाडीत काहीच बिघाड नव्हता. आता दोन जोड ठेवते. जुने टकले रस्त्यासाठी, काट्यांचे फक्त मातीसाठी.

पण दोन जोड ठेवले म्हणजे चाकं सारखी काढा-घाला आलं. चाक काढलं की प्लॅस्टिकचा हेक्स चाकाबरोबर निघून येतो आणि पिन टुणकन खाली. पहिली पिन मी अशीच घालवली, घरातल्या जमिनीवर, कपाटाखाली. ती मोजत नाही. दुसरी मैदानावर गेली. तिसरी गेली तेव्हा मात्र मी कंपनीला मेल लिहिला.

तो पत्रव्यवहार पाच आठवडे चालला. आधी त्यांनी खरेदीची पावती मागितली, मग व्हिडिओ. हरवलेल्या पिनचा व्हिडिओ कसा काढतात ते मी विचारलं. तर चाक फिरतंय आणि एक्सल फिरत नाही, तेवढंच दाखवा म्हणाले. दाखवलं. उत्तर आलं, ‘हा भाग वापराने होणाऱ्या झिजेत मोडतो, वॉरंटीत बसत नाही.’ बरं, मग विकत द्या. तर पिन सुटी मिळत नाही. हेक्स, नट, वॉशर आणि पिन असा संच घ्यावा लागेल. माझ्याकडे हेक्स चार, नट चार. नव्हती ती फक्त एक काडी. मी संच घेतला नाही. तत्त्वाचा प्रश्न होता असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे पैसे सोडवेनात.

ड्रिलचं २ मिमीचं एक बोथट पातं पडून होतं. त्याचा मागचा गुळगुळीत भाग बरोबर त्याच जाडीचा. शिकंज्यात धरला, छोट्या कटिंग चकतीने दहा मिलिमीटरवर कापला (चष्मा लावून, ठिणग्या थेट तोंडाकडे येतात), टोकं कानशीने घासली. एक्सलच्या भोकात सरकवला तर असा घट्ट बसला की मूळ पिनही तशी बसत नव्हती. त्या संध्याकाळी मी जगातल्या सगळ्या सुट्या भागांच्या कंपन्यांना मनातल्या मनात टाटा केला. एका पात्यातून दोन पिना निघतात, हेही सांगून ठेवते.

इथवर मी कंपनीला शिव्या घालत होते. आता माझं मत बदललं तो प्रसंग.

ट्रॅकवर, तिथेच पडलेली पिन शोधत उकिडवी बसले होते. एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आला. ‘काकू, हाताने काय शोधताय? चुंबक नाही का?’ त्याच्याकडे दोरीला बांधलेलं जुन्या स्पीकरचं चुंबक होतं. वळणाच्या बाहेरच्या कडेने, जिथे सगळ्यांच्या गाड्या आपटतात तिथे, त्याने ते दोन-तीनदा ओढत नेलं. वर आलं तेव्हा लोखंडी मातीची दाढी फुटलेली होती, आणि त्या दाढीत सात पिना, पाच-सहा स्क्रू, बॉडीच्या दोन क्लिपा, एक गंजलेलं बेअरिंग. सात! वेगवेगळ्या लांबीच्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या. माझी त्यात नव्हतीच. ‘घ्या, यातली कुठलीही बसेल,’ म्हणाला. एक बसली.

म्हणजे हे दुखणं माझ्या एका गाडीचं नाही. म्हणूनच नाव लिहिलं नाही.

त्याच मुलाने माझे नट बघितले आणि कपाळाला हात लावला. चाकाचे नट नायलॉक असतात, आत नायलॉनचं कडं, तेच आट्यांना घट्ट धरून ठेवतं. दर वेळी काढून-घालून ते कडं झिजतं. माझे नट बोटांनी फिरत होते. नऊ महिने तेच चार नट, पन्नासेक वेळा काढलेले. नट बोटाने शेवटपर्यंत फिरला की तो फेकायचा, एवढा साधा नियम. तिसरी पिन माझ्याच चिकटपणाने गेली, कंपनीच्या नव्हे. पाच आठवड्यांच्या मेल वाचताना आता जरा लाज वाटते. सुटी पिन विकत नाहीत हा मुद्दा मात्र मी मागे घेतलेला नाही.

बॅटरीबद्दलही मत पालटलं. सुरुवातीला मी थ्री-एस लिपोच्या, म्हणजे तीन सेलच्या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या, नादाला लागले होते. हिशेब सोपा आहे: मोटर ३३०० केव्ही, म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे. टू-एस (दोन सेलची) ७.४ व्होल्टची, म्हणून भार नसताना मिनिटाला साधारण २४,४०० फेरे. थ्री-एस ११.१ व्होल्टची, म्हणून ३६,६००. सरळ रस्त्यावर अंगावर काटा येतो. टायर फुगून बशीसारखे होतात, गाडी डोळ्यांपुढून जाते आणि थांबवायची कुठे हा विचार नंतर सुचतो. पण ट्रॅकवर थ्री-एस लावून मी एक फेरी धड पुरी केली नाही. टू-एसवर परत आले तर फेऱ्या लागल्या, गाडी कमी उलटली आणि स्पर गिअरही टिकला. थ्री-एसची बॅटरी आता दर सेलला ३.८ व्होल्टवर साठवून ठेवलीय. विकायची आहे, पण जीव होत नाही.

हवेतल्या गमतीबद्दल दोन ओळी, कारण फोर व्हील ड्राइव्ह घेण्याचं सगळ्यात गोड फळ हेच. उडी मारल्यावर नाक खाली जायला लागलं की हवेतच थ्रॉटल द्यायचा. चाकं जोरात फिरतात, नाक वर येतं. नाक फार वर गेलं तर ब्रेक टिचकीएवढा, की ते खाली येतं. चारही चाकं फिरतात म्हणून परिणाम ठळक जाणवतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी एकटीच मैदानावर मोठ्याने हसले होते. या एका गोष्टीसाठी पिनेचे सगळे गुन्हे माफ. जवळजवळ सगळे.

बाकी किरकोळ. स्टीअरिंगचा सर्व्हो ढिला आहे, पण मैदानावर जाणवत नाही. पाणी चालतं असं खोक्यावर लिहिलंय ते इलेक्ट्रॉनिक्सपुरतं; चिखलातून आल्यावर दोन बेअरिंग कुरकुरली आणि मग अडकली. मागच्या डिफमधून तेल पाझरत होतं, सील बदलल्यावर थांबलं. स्लिपर तपासायचा असेल तर दणकन ट्रिगर ओढा. पहिल्या हात-दोन हातांत हलकं ‘झुईं’ ऐकू आलं पाहिजे. अजिबात आलं नाही तर फार आवळलाय, आणि ते धक्के स्पर गिअर सोसतोय. स्क्रू षटकोनी खाचेचे आहेत, १.५, २ आणि २.५ मिमीचे, पाना चांगला घ्या, स्वस्त पान्याने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग रडत बसावं लागतं. हे मी बसलेय.

तर गेल्या रविवारची पिन. नट नवे होते, घट्ट होते, तरी गेली. घरी येऊन बघितलं तर हेक्सची खाच रुंद झालेली. प्लॅस्टिकच ते, सैल नटावर मी जे महिने चालवली त्यात पिनेने आपली जागा कोरून मोठी केली, आता तिला तिरकं होऊन निसटायला वाव मिळतो. म्हणजे जुन्याच चिकटपणाचं व्याज. उपाय अॅल्युमिनियमचे आवळणारे हेक्स: बाजूला छोटा स्क्रू, तो घट्ट केला की हेक्स एक्सलला धरून राहतो आणि चाक काढलं तरी पिन आतच. किंमत बघितली तर कंपनीच्या त्या संचापेक्षा जास्त निघाली, जो मी पाच आठवडे भांडून घेतला नव्हता.

मागवलेत. मागे दोन आधी लावेन, पुढच्यांचं नंतर बघू. तोवर एका ड्रिलच्या पात्याचा अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे, आणि स्पीकरचं चुंबक मिळतंय का ते शोधतेय.