कोरफड की जवस? कोरड्या चेहऱ्यासाठी घरचं जेल

दारात कोरफडीची कुंडी असेल तर पहिला मोह तिचाच होतो. पान कापायचं, पण लगेच सोलायचं नाही. १५ मिनिटं पेल्यात उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्यायचा. घाई करून मी एकदा हनुवटीवर लाल चट्टे उठवून घेतले होते, ते त्या चिकामुळेच. मग पान धुऊन, साल काढून गर खरवडायचा आणि मिक्सरमधून फिरवायचा. गर बिनरंगी असतो. विकतच्या जेलचा हिरवागार रंग वरून घातलेला असतो.

उन्हातून आल्यावर हा गर छान गार वाटतो. पण त्यात ९८ टक्क्यांच्या वर पाणीच. कोरड्या चेहऱ्यावर ते अर्ध्या तासात उडून जातं आणि कातडी पुन्हा ओढायला लागते.

जवसाला गॅसपाशी उभं राहावं लागतं. २ चमचे जवस, १ वाटी पाणी, मंद आच, सतत ढवळणं. ८-१० मिनिटांत फेस येऊन चमच्याला तार सुटते. गाळायचं ते गरम असतानाच, पातळ सुती कापडातून. गार झाल्यावर गाळायला बसलात तर बिया आणि बुळबुळ एकमेकांना सोडत नाहीत. सगळं पातेलं वाया. या जेलचा चेहऱ्यावर पातळ थर बसतो, ओल जरा जास्त टिकते. मात्र नुसतंच लावलं तर वाळताना तोंड आवळल्यासारखं होतं, म्हणून अर्ध्या वाटीला १ छोटा चमचा ग्लिसरीन. कच्च्या तेलासारखा वास येतो, तो सगळ्यांना रुचत नाही.

थंडीत गाल उलत असतील तर मी जवसच सांगेन. कोरफड उन्हाळ्यासाठी, तीही लागेल तेवढीच ताजी काढून.

स्निग्धता मात्र दोन्हींत जवळजवळ नाही. तोंड धुतल्यावर ओलसर असतानाच जेल लावा आणि त्यावर बदामाच्या तेलाचे २-३ थेंब दाबून घ्या. लिंबू नको, चरचरतं.

फ्रिजमध्ये कोरफड ३-४ दिवस, जवस फार तर आठवडाभर. ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की टिकतं, असं सर्रास सांगतात. तिने बुरशी थांबत नाही. वास बदलला किंवा पाणी सुटलं की सरळ टाकून द्या. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघा.