शुगरच्या गोळ्यांचे आठ महिने आणि कामी न आलेला गूळ

गेल्या जूनमध्ये माझं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ८.८ आलं. घरात सासूबाईंना बारा वर्षांपासून शुगर, त्यामुळे गोळ्यांची पाकिटं नवीन नव्हती. पण शुगरची गोळी पोटात गेली की साखर उतरवते, याच्या पलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. प्रत्येक गोळीची शरीरातली जागा वेगळी असते. ती माहीत नसल्यामुळे आमच्याकडे दोनदा जीव टांगणीला लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवात मेटफॉर्मिन ५०० ने. पहिले दहा दिवस फार वाईट गेले. सकाळी उपाशीपोटी घ्यायचे. मळमळ, पोटात गुडगुड, जुलाब. कोल्हापुरात मंगळवार पेठेतून महाद्वार रोडपर्यंत जायचं तरी धास्ती. बंदच करणार होते. डॉक्टरांनी जेवणानंतर घ्यायला सांगितलं आणि साधीऐवजी हळूहळू विरघळणारी एसआर दिली. तीन आठवड्यांत पोट शांत झालं. या एसआर गोळीचं रिकामं टरफल कधी कधी शौचात दिसतं. औषध शरीरात उतरलेलं असतं, घाबरू नका.

तेव्हा माझी सकाळची उपाशीपोटीची शुगर १६५ यायची. रात्री अर्धी भाकरी खाल्ली, मग सकाळी साखर आली कुठनं? ती यकृतातून येते. आपण उपाशी असताना मेंदूला साखर मिळावी म्हणून यकृत साठ्यातली सोडतं आणि नवीनही बनवतं. त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं, पण या आजारात यकृत त्याचं ऐकेनासं होतं. मेटफॉर्मिन मुख्यतः तिथेच जाऊन ही निर्मिती कमी करते. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावत नाही, म्हणून एकटी घेतली तर शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. औषध जुनं आहे, जाँ स्तेर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ मध्ये ते मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. सासूबाईंचं कमीच निघालं.

सप्टेंबरमध्ये माझी शुगर म्हणावी तशी उतरली नव्हती, म्हणून ग्लिमेपिराइड १ जोडली. ही थेट स्वादुपिंडावर काम करते. तिथल्या बीटा पेशींना पोटॅशियम बाहेर जाण्याची बारीक दारं असतात. ती बंद झाली की पेशीत कॅल्शियम शिरतं आणि पेशी साठवलेलं इन्सुलिन सोडते. एरवी ही दारं रक्तात साखर वाढल्यावर बंद होतात. ही गोळी मात्र साखर वाढलेली असो-नसो, ती बंद करते. हे मला आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. नवरात्रात माझे नऊ दिवस उपवास. ललिता पंचमीला नेहमीप्रमाणे गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा प्याले आणि त्र्यंबोलीच्या टेकडीवर गेले. गर्दीत दरदरून घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. शेजारच्या मावशींनी हात धरला, "अगं बाई, थंडगार पडलीयास की!" म्हणाल्या आणि मूठभर खडीसाखर तोंडात घातली. पंधरा मिनिटांत सावरले. शुगर ७० च्या खाली गेली की तिला हायपो म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनी माझी ग्लिमेपिराइड थांबवली.

त्या अनुभवामुळे मला वाटलं, आता आपल्याला यातलं कळतं. डिसेंबरात घरी पाहुणे होते, जेवण लांबलं. सासूबाईंनी जेवणाआधीची गोळी घेऊन टाकली होती. तासाभराने त्या घामाघूम झाल्या. मी लगेच गुळाचा खडा दिला. आमच्याकडे गूळ वर्षभराचा गुऱ्हाळावरून येतो. पंधरा मिनिटं गेली, फरक नाही. दुसरा खडा दिला. त्या असंबद्ध बोलायला लागल्या. शेजारचा मुलगा मेडिकलमध्ये काम करतो, तो पाकीट बघून धावत ग्लुकोज पावडर घेऊन आला. पाण्यात कालवून घोट घोट पाजली. दहा मिनिटांनी सासूबाईंनी मला नावाने हाक मारली आणि मी तिथेच खाली बसले. तो म्हणाला, "काकू, आजींच्या गोळीत ग्लिमेपिराइडसंगं व्होग्लिबोज बी हाय. गूळ लवकर लागू पडत न्हाई."

गूळ आणि साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेली जोडी. ती लहान आतड्यात फुटल्याशिवाय रक्तात जात नाही. ही जोडी फोडणाऱ्या विकरांनाच (एन्झाइमना) व्होग्लिबोज मंद करते. जेवणानंतर साखर एकदम उसळू नये म्हणून हे फार उपयोगाचं. हायपोत मात्र गूळ आतड्यातच अडकून राहतो. ग्लुकोज फोडावं लागत नाही. माणूस गिळू शकत नसेल किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

ग्लिमेपिराइडच्या जागी मला डापाग्लिफ्लोझिन १० मिळाली. पेटंट संपल्यापासून ती परवडते. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० ग्रॅम साखर गाळतात आणि मार्केट यार्डातल्या हमालांसारखे काही वाहक ती उचलून परत रक्तात नेतात. ही गोळी त्यांना थोपवते, मग काही साखर लघवीवाटे जाते. लघवीच्या रिपोर्टात साखर भरपूर आली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. ते औषधाचंच काम होतं. याच कारणाने बुरशीची खाज एकदा झाली, मलम आठवडाभर लावावं लागलं. पाणी भरपूर प्यायचं, स्वच्छता ठेवायची. उलट्या, कडक उपवास किंवा ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढू शकतात.

फेब्रुवारीत एचबीएवनसी ६.९ आलं, सकाळची शुगर ११८. गुळाचा डबा जागेवरच आहे. त्याच्या झाकणावर मी चिठ्ठी चिकटवली आहे, "आईंना चक्कर आली तर या डब्याशेजारची ग्लुकोजची पुडी". एक पुडी माझ्या पर्समध्ये असते.