‘नेमसर्व्हर एक्सपायर झालेत’ म्हणून पैसे मागितले तर

वेबसाइट बंद पडते आणि काही तासांत फोन येतो: “साहेब, तुमचे नेमसर्व्हर एक्सपायर झालेत. नऊ हजार टाका, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो.” नेमसर्व्हर म्हणजे तुमचं डोमेन (साइटचं नाव) कुठल्या पत्त्यावर आहे ते इंटरनेटला सांगणारा सर्व्हर. शंका घेतलीच तर एनएसलुकअपचा (ही माहिती विचारणारी कमांड) स्क्रीनशॉट येतो, ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह आन्सर’ या ओळीभोवती लाल गोल केलेला. तो बघून माणूस घाबरतो आणि पैसे टाकून मोकळा होतो.

ती ओळ गूगलच्या डोमेनसाठीही येते. उत्तर मूळ सर्व्हरने नाही, मधल्या रिझॉल्व्हरने (तुमच्या वतीने पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरने) दिलं, एवढाच तिचा अर्थ. आणि नेमसर्व्हरला मुदत नसते; मुदत संपते ती डोमेनच्या नोंदणीची किंवा होस्टिंगची (साइट ठेवायला घेतलेल्या जागेची).

खरं बघायचं तर वरून खाली यायचं. लिनक्स किंवा मॅकवर ‘डिग’ (dig) या कमांडला ‘प्लस ट्रेस’ (+trace) जोडून डोमेन द्या. सगळ्यात वरचे रूट सर्व्हर ‘डॉट कॉम’चे सर्व्हर कोणते ते सांगतात, आणि ‘डॉट कॉम’चे सर्व्हर तुमचे नेमसर्व्हर कोणते ते सांगतात. या यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून एसओए रेकॉर्ड (डोमेनची मूळ नोंद) विचारा. उत्तराच्या फ्लॅग्जमध्ये (वरच्या खुणांमध्ये) ‘एए’ दिसलं तर तो सर्व्हर अधिकृत. विंडोजवर एनएसलुकअपमध्ये आधी डोमेन आणि त्यानंतर नेमसर्व्हरचं नाव टाका. लाल गोलातली ओळ गायब व्हायला हवी. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर बहुधा त्या सर्व्हरवर तुमचा झोनच (डोमेनच्या नोंदींचा संच) नाही. जुन्या वेबसाइटवाल्याने झोन उडवला आणि आता तोच परत बसवायचे पैसे मागतोय, असंही निघतं.

ट्रेस डॉट कॉमपाशीच ‘एनएक्सडोमेन’ (असं डोमेनच नाही) म्हणत थांबला तर प्रकरण वेगळं. हूइजमध्ये (डोमेन नोंदणीची माहिती दाखवणारी सेवा) एक्सपायरी आणि स्टेटस बघा. ‘क्लायंट होल्ड’ म्हणजे रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने) डोमेन रोखलंय. नोंदणीचा ईमेल पडताळायचा राहिला तरी असं होतं, आणि त्याला फी नसते.

मग रजिस्ट्रारच्या साइटवर ‘पासवर्ड विसरलो’ दाबा. मेल कोणाच्या इनबॉक्सात पडतो, त्यावरून डोमेन कोणाच्या ताब्यात आहे ते कळतं. तुमच्या असेल तर नेमसर्व्हर स्वतःच बदला, पण आधी नव्या जागी एमएक्स आणि टीएक्सटी रेकॉर्ड (ईमेल चालायला लागणाऱ्या नोंदी) भरा, नाहीतर साइट उठेल आणि मेल बंद पडेल. डॉट कॉमच्या डेलिगेशनचा (तुमचे नेमसर्व्हर कोणते, या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर साठवून ठेवायची मुदत, १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस. “प्रोपगेशनला (बदल सगळीकडे पोचायला) पंधरा दिवस लागतात” ही निव्वळ थाप. ‘पासवर्ड विसरलो’चा मेल पैसे मागणाऱ्याकडे जात असेल तर नोंदणीचं बिल जोडून रजिस्ट्रारच्या सपोर्टला लिहा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा, आणि तो स्क्रीनशॉट पुसू नका.